जुनी सुप्रा की नवी?

प्रश्न: 1994 ची जपानी बाजारातली टोयोटा सुप्रा घेऊन तिच्या 2जेझेड-जीटीई इंजिनाची ताकद 500 अश्वशक्तीपर्यंत न्यावी, की सरळ नवी जीआर सुप्रा घ्यावी? गाडी रोज चालवायची आहे.

उत्तर: रोज चालवायची असेल तर नवी घ्या. दोन्ही इंजिनं 3 लिटरची, एका रांगेत सहा सिलिंडरची. जुन्याचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, बिडाचा आणि दणकट, म्हणून त्याचं एवढं नाव. पण ब्लॉक टिकतो, भोवतालचं नाही. जपानी बाजारातल्या टर्बोंची (इंजिनात जादा हवा दाबून भरणारी यंत्रं) टर्बाइन चाकं सिरॅमिकची असतात. बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, फार वाढवला की ती फुटतात. त्यामुळे एकच मोठा टर्बो, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, जादा क्षमतेचा पेट्रोल पंप, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर आणि नवा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) असा सगळा संच आलाच. पंप बदलताना त्याची वायरिंगही जाड करा. जुन्या तारेतून पूर्ण भाराला व्होल्टेज पडतं, पेट्रोल कमी पोहोचतं, नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका) सुरू होतं आणि पिस्टन जातो. खर्च वाचवायला नेमकी हीच तार विसरली जाते! टर्बो मोठा, म्हणून खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गाडी सुस्त, शहरात वैताग.

नव्या गाडीतलं बी58 इंजिन बीएमडब्ल्यूचं आहे. 2021 च्या मॉडेलपासून अमेरिकेत 382 अश्वशक्ती, तीही वॉरंटीसह, आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, 2,000 आरपीएमच्या आतच मिळतो.

तरी जुनीच हवी असेल, तर आधी सहाही सिलिंडरची कम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो का आणि टिकतो का) करून घ्या. टायमिंग बेल्ट बदलतानाच ऑइल पंपाचं सील बदला.