हेट, डिटेस्ट, लोद, अभॉर, डिस्पाइज: कुठलाही वापरला तर चालतो का?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीच्या गाइडमध्ये या पाचही शब्दांपुढे 'तिरस्कार करणे' एवढंच दिलेलं असतं, मग कुठलाही वापरला तर चालेल ना? नाही चालणार. या 'चालतंय की' पायी मी भर ऑफिसात बोलणी खाल्लीत.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी पत्रव्यवहार बघायचो. जर्मनीच्या गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर आला होता. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लो होल (हवेने पडलेलं भोक) दिसला की खडूने फुली मारायचा आणि पोरांशी एक शब्द न बोलता पुढं जायचा. मोल्डिंगची माणसं दुखावली. त्याची वागण्याची पद्धत आवडली नाही, असं गिऱ्हाइकाला कळवायचं ठरलं. मी साधं लिहिलं, 'वुई डिड नॉट लाइक'. मालकांनी प्रिंट घेतली, हिरव्या पेनाने ते खोडलं आणि वर लिहिलं, 'वुई डिस्पाइज'. मी म्हणालो, "मालक, हा शब्द नको." तर म्हणाले, "अरं, सगळ्यांचा अर्थ एकच असतोय. जरा वजनदार घाल की!"

मेल गेली. दुसऱ्या दिवशी तिकडून फोन आला, आमच्या माणसाने असं काय हलकट काम केलं? मालक बराच वेळ सॉरी सॉरी करत होते. फोन ठेवला आणि सगळ्या स्टाफसमोर मला म्हणाले, "इंग्रजी येतंय म्हणून ठेवलाय ना तुला?" हिरव्या खाडाखोडीचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मी काढला नाही.

त्या आठवड्यात करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन जाडा शब्दकोश उघडला. डिस्पाइजचं लॅटिन मूळ म्हणजे वरून खाली बघणं. माणसाला तुच्छ लेखणं, त्याची लायकी काढणं. आपल्या कोल्हापुरात कुणाची लायकी काढून बघा, मग त्या जर्मनाला काय वाटलं असेल ते कळेल.

लोद (loathe) म्हणजे शिसारी, पोटातून ढवळून येते ती. शेवटचा ई गळाला की तो लोथ (loath) होतो आणि अर्थ उरतो नुसता 'नाखूश', तेव्हा स्पेलिंग सांभाळा. अभॉरच्या मुळात अंगावर काटा येणं आहे. तो तत्त्वाच्या गोष्टीला शोभतो. ज्यांनी १९०२ साली मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्या शाहू महाराजांना अस्पृश्यतेबद्दल जे वाटायचं, त्याला अभॉर म्हणावं. भेंडीच्या भाजीला नव्हे. डिटेस्ट म्हणजे मनापासून तिटकारा. त्याच्या मुळात देवाला साक्षी ठेवून शाप देणं आहे.

समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून इंग्रजी येत नाही, उलट बिघडतं. हे माझं ठाम मत आहे आणि मालकांना ते आजही पटत नाही. शब्द कुणाबद्दल वापरायचा, कुठल्या वाक्यात बसतो, हे यादी सांगत नाही. तुमचा साहेब म्हणाला 'सगळं एकच', तर बदल त्याच्याच अक्षरात करून घ्या, खाली सही घ्या आणि कागद जपून ठेवा. वेळ आली की टेबलावर ठेवा. मी ठेवायला पाहिजे होता.

हेट राहिलाच. तो रोजच्या बोलण्यात पार सौम्य होतो; 'आय हेट टू डिस्टर्ब यू' यात द्वेष कुठलाच नाही, नुसता संकोच आहे. त्याच्यापुढे 'टू' चालतं आणि आयएनजीचं रूपही. डिटेस्ट आणि लोदपुढे मात्र आयएनजीच: 'आय डिटेस्ट वेटिंग', 'टू वेट' नाही. आणि हो, परीक्षेत समानार्थी शब्द विचारला तर यादीतलाच पर्याय निवडा, तिथं मार्क त्यालाच आहेत.