निकेलचा इलेक्ट्रोड रामनखाली ठेवण्याआधी

नव्या सहकाऱ्यास,

विजेने पाण्यातून ऑक्सिजन काढण्यासाठी निकेल हायड्रॉक्साइड घेतलंस, निवड चांगली आहे. पण रामन वर्णपटाची, म्हणजे लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून थरातले बंध ओळखण्याची, घाई करू नकोस. आधी रामनच्या सेलमध्ये नुसती सायक्लिक व्होल्टॅमेट्री (विभव, म्हणजे इलेक्ट्रोडचं व्होल्टेज, वर-खाली फिरवत प्रवाह मोजणं) कर आणि बीकरमधल्या वक्राशी ताडून बघ. शिखर सरकलेलं दिसलं तर सेलमध्येच खोट: बहुधा इलेक्ट्रोडवरचा द्रावणाचा थर फार पातळ किंवा संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत विभव मोजतो तो) फार लांब. त्याने वाढलेला विद्युतरोध दुरुस्त होईपर्यंत लेझर बंदच राहू दे.

सेल टेफ्लॉनचा घे. आपलं द्रावण, १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ही तीव्र अल्कली; तिच्यात काच हळूहळू विरघळते. संदर्भ इलेक्ट्रोड पारा-मर्क्युरिक ऑक्साइडचा घे. बाटलीवर शुद्धतेचा शिक्का असला तरी त्या अल्कलीत लोहाचे अंश असतातच, आणि निकेल ते शोषून घेतं. लोहाने क्रियाशीलता वाढते, हे कॉरिगन यांनी १९८७ मध्येच दाखवलं होतं. म्हणून द्रावण शुद्ध निकेल हायड्रॉक्साइडच्या साक्याबरोबर ढवळ, साका बसू दे आणि वरचं निवळ वापर. हे टाळलंस तर श्रेय निकेलला जाईल आणि काम लोह करत असेल.

पाण्यात बुडणारं भिंग पातळ टेफ्लॉन फिल्मने झाक, आत पाण्याचा थेंब ठेव; अल्कली भिंगाचा गोंद खाते. उपकरणाचं मोजमाप बरोबर आहे ना, हे सिलिकॉनच्या ५२०.७ सेमी⁻¹ रेषेवर रोज तपास. लेझरची शक्ती निम्मी करून वर्णपटाचा आकार बदलतो का, तेही बघ. बदलला तर तू थर भाजत आहेस.

विभव वाढवल्यावर निकेल हायड्रॉक्साइडचं निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड होतं; त्याच्या दोन रेषा ४७५ आणि ५५५ सेमी⁻¹ च्या आसपास येतात. सिग्नल वाढावा म्हणून खडबडीत सोन्यावर थर दिला असशील, तर उघड्या सोन्याचा वर्णपट त्याच विभवांना घेऊन ठेव. सोन्याच्या ऑक्साइडचा रुंद पट्टा ५६० च्या पुढेमागेच येतो आणि भल्याभल्यांना फसवतो.

बुडबुडे सुरू झाले की सिग्नल पडतो. पाण्याचा १६४० चा पट्टाही सोबत पडला असेल, तर दोष बुडबुड्याचा किंवा फोकसचा, रसायनाचा नव्हे. सेल थोडा तिरका कर, द्रावण वाहतं ठेव.

आणि निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइडच्या त्या दोन रेषा दिसल्या म्हणून ‘सक्रिय केंद्र (जिथे प्रत्यक्ष ऑक्सिजन तयार होतो ती जागा) सापडलं’ असं लिहू नकोस. ऑक्सिजन सुटण्याआधीच त्या उमटतात. विभव खाली आणून त्या मावळतात का बघ, मग ¹⁸O (ऑक्सिजनचा जड समस्थानिक) असलेल्या पाण्यात तोच प्रयोग कर. रेषा खाली सरकल्या तर थराच्या स्फटिकजाळीतला ऑक्सिजन पाण्यातल्या ऑक्सिजनने बदलतोय. तो बदल ऑक्सिजन सुटण्याच्या ओघात होतोय की नुसत्या भिजण्याने, हे ठरवायला विभव न लावलेला नमुनाही तेवढाच वेळ त्याच पाण्यात ठेव.