शर्यतींत बायका इतक्या उशिरा का दिसतात?

तुमचा प्रश्न असा: १९१०च्या दशकात बायका मोटारसायकली चालवत होत्या, मग मोठ्या शर्यतींत त्या थेट १९७०नंतरच का दिसतात? मधल्या काळात आवड ओसरली होती का?

आवड अजिबात ओसरली नव्हती. बायकांनी करून दाखवायचं आणि त्यानंतर त्यांना नकार मिळायचा, असं पुन्हा पुन्हा झालंय.

ऑगस्टा आणि अ‍ॅडलिन व्हॅन ब्यूरेन या बहिणींचंच बघा. जुलै १९१६मध्ये त्या न्यूयॉर्कहून निघाल्या, दोघींकडे एकेक इंडियन पॉवर प्लस मोटारसायकल. अमेरिका महायुद्धात उतरलीच, तर डिस्पॅच रायडरचं, म्हणजे मोटारसायकलवरून लष्करी निरोप पोचवायचं काम बायका करू शकतात आणि तेवढे पुरुष आघाडीसाठी मोकळे होतात, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. शिकागोच्या पलीकडच्या लहान गावांत पोलिसांनी त्यांना पकडलं, तेही पुरुषी कपडे घातले म्हणून! कोलोरॅडोत १४,००० फुटांहून उंच पाइक्स पीकच्या माथ्यावर त्यांनी गाड्या नेल्या. स्वतः मोटारसायकल चालवत तिथे पोचलेल्या त्या पहिल्या स्त्रिया.

सगळे पाइक्स पीकचंच नाव घेतात, पण मला त्याच्या पुढचा टप्पा जास्त मोठा वाटतो. रॉकी पर्वतात पावसाने रस्त्याचा नुसता राडा झाला होता. चाकं इतकी रुतली की गाड्या तिथेच सोडून दोघी गिलमन नावाच्या खाणकामगारांच्या गावापर्यंत चालत गेल्या आणि मदत घेऊन आल्या. सॉल्ट लेक सिटीच्या पुढच्या वाळवंटात प्यायचं पाणी संपलं. तरी सप्टेंबरमध्ये त्यांनी लॉस एंजेलिस गाठलं. युद्धात निरोप पोचवणाऱ्याला यापेक्षा वेगळं काय करावं लागतं? अ‍ॅडलिनने सैन्यात अर्ज केला. तो फेटाळला गेला.

इंग्लंडमध्ये १९२७च्या मोटारसायकलींच्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या चाचणी स्पर्धेत मार्जरी कॉटल, लुई मॅक्लीन आणि एडिथ फोली या तिघींच्या संघाने सिल्व्हर व्हाझ हा सांघिक चषक जिंकला. डिसेंबर १९३४मध्ये थेरेसा वॉलाक आणि फ्लॉरेन्स ब्लेन्किरन ६०० सीसीची पँथर मोटारसायकल, साइडकार आणि मागे ट्रेलर घेऊन लंडनहून निघाल्या आणि सहारा ओलांडून केप टाउनला पोचल्या.

बिअ‍ॅट्रिस शिलिंग ही मात्र माझी खास आवडती. शिक्षणाने इंजिनिअर. १९३४मध्ये तिने ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ५०० सीसीच्या नॉर्टनवर ताशी १०६ मैलांनी फेरी मारून गोल्ड स्टार हा वेगासाठीचा मानाचा बिल्ला मिळवला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांचं मर्लिन इंजिन, विमानाने नाक खाली करून झटकन सूर मारला की बंद पडायला बघायचं, कारण कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं गणित बिघडायचं. शिलिंगने पेट्रोलच्या वाटेत मोजून पाडलेल्या भोकाची एक छोटीशी धातूची चकती बसवली आणि प्रवाह आवरला. १९४१मध्ये ती विमानतळांवर जाऊन या चकत्या बसवून घेत होती, आणि प्रवास अर्थात मोटारसायकलवरून. तिचं यंत्रांचं ज्ञान देशाला हवं होतं म्हणून तिथे दार उघडं राहिलं, असं मला वाटतं. शर्यतीत तशी गरज कोणालाच नव्हती.

तुमच्या प्रश्नातली पोकळी मुख्यतः इथली आहे. १९६२मध्ये बेरिल स्वेन आइल ऑफ मॅन टीटीत, म्हणजे ब्रिटनजवळच्या त्या बेटावरच्या प्रसिद्ध मोटारसायकल शर्यतीत, एकटीने मोटारसायकल चालवत उतरलेली पहिली स्त्री ठरली. गाडी ५० सीसीची इटॉम, सुमारे ६० किलोमीटरच्या दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीत टॉप गिअर गेला. उरलेल्या गिअरांवर तिने शर्यत पुरी केली आणि २२वी आली. ना पडली, ना कोणाला आडवी गेली. तरी बायकांसाठी हे धोक्याचं आहे असं ठरवून तिचं आंतरराष्ट्रीय लायसन्स काढून घेण्यात आलं. टीटीत बायकांनी एकटीने उतरण्यावरची ही बंदी १९७८पर्यंत टिकली, आणि त्याच वर्षी हिलरी मसन टीटीत उतरली.