सरकारी दवाखान्यातली होमिओपॅथी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयात होमिओपॅथीची ओपीडी आहे. केसपेपर तोच, औषध मोफत. सरकारनेच खोली दिली, डॉक्टर नेमला, म्हणजे ही औषधे सिद्ध झालेली आहेत असे धरायचे ना? (एक वाचक, जि. सांगली)

उत्तर : नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत फार होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

सरकारची मान्यता आहे ती पदवीला, औषध बनवण्याला आणि व्यवसाय करण्याला. १९७३ साली संसदेने होमिओपॅथी केंद्रीय परिषद कायदा केला आणि पुढे देशभर एकसारखा बीएचएमएस अभ्यासक्रम आला : साडेचार वर्षे शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. १९७५ साली कोलकात्यात राष्ट्रीय संस्था निघाली. १९९५ मध्ये आरोग्य मंत्रालयात भारतीय वैद्यक व होमिओपॅथीचा वेगळा विभाग झाला, २००३ मध्ये त्याला ‘आयुष’ हे नाव मिळाले आणि २०१४ मध्ये त्याचे मंत्रालय झाले. जुन्या केंद्रीय परिषदेच्या जागी आता २०२० च्या कायद्याने आलेला राष्ट्रीय होमिओपॅथी आयोग आहे.

तुमच्या रुग्णालयातल्या खोलीचे मूळ २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आहे. खेड्यात एमबीबीएस डॉक्टर टिकत नव्हते, बीएचएमएस आणि बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) झालेले उपलब्ध होते. त्यांना कंत्राटावर घेऊन एकाच छताखाली बसवायचे, असे धोरण ठरले. मनुष्यबळाची गरज आणि लोकांची आवड यांवर हा विस्तार झाला. गुण येतो की नाही याची चाचणी लावून झालेला नाही.

ब्रिटनमध्ये १९४८ साली एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हापासून होमिओपॅथी तिच्यात होती, लंडनला तिचे सरकारी रुग्णालयही होते. २०१० मध्ये तिथल्या संसदीय विज्ञान समितीने, प्लासिबोपेक्षा (म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) जास्त परिणाम दिसत नाही, असा निष्कर्ष काढला आणि २०१७ मध्ये एनएचएस इंग्लंडने ही औषधे लिहून देऊ नयेत असे डॉक्टरांना कळवले. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून सरकारी विम्यातून परतावा बंद केला. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेनेही २०१५ मध्ये असेच सांगितले : ज्यावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा आहे असा एकही आजार नाही.

तेव्हा त्या ओपीडीत जायला हरकत नाही, पण मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, फिट्स किंवा टीबीची चालू औषधे तिच्या भरवशावर बंद करू नका. इन्शुलिन तर एक दिवसही नाही. त्याच इमारतीत रक्त तपासायची सोय असते, तिचा उपयोग करून घ्या.

प्रश्न : बाटलीवर ३०, २००, कधी १एम लिहिलेले असते. आकडा मोठा म्हणजे औषध जास्त कडक का? काही बाटल्यांवर नुसता ‘क्यू’ असतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आकडा मोठा म्हणजे औषध जास्त पातळ. मूळ अर्काचा एक भाग, त्यात अल्कोहोलचे ९९ भाग, आणि ठराविक झटके देऊन हलवायचे : ही झाली १ पॉवर. त्यातला एक भाग पुन्हा ९९ भागांत, ही २. असे तीस वेळा केले की ३०, हजार वेळा केले की १एम. साधारण बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. म्हणजे ३० किंवा २०० च्या गोळीत साखर असते आणि वाळून गेलेल्या अल्कोहोलचा अंश. होमिओपॅथीचे लोक म्हणतात की झटक्यांनी शक्ती वाढते. रसायनशास्त्राला हे पटत नाही, आम्हालाही पटत नाही.

‘क्यू’ म्हणजे मदर टिंक्चर, मूळ अर्क. ३एक्ससारख्या खालच्या पॉवरमध्येही (इथे प्रमाण एकास नऊ) खरा पदार्थ असतो. त्यामुळे दुष्परिणाम आणि इतर औषधांशी टक्कर, दोन्ही शक्य आहे. गरोदर बाई, लहान मूल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला माणूस घरात असेल, तर ‘क्यू’ आपल्या मनाने आणू नये. बायोकेमिकच्या चपट्या गोळ्या दुधातल्या साखरेच्या असतात. दूध न पचणाऱ्यांनी तेवढे ध्यानात ठेवावे.

दुकानातून आणलेल्या सीलबंद बाटलीवर औषधाचे नाव, पॉवर, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि अल्कोहोलची टक्केवारी बघा. एकच घटक असलेल्या औषधाला कंपनीचे ब्रँडनाव लावता येत नाही. बारा टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असेल तर किरकोळ विक्रीची बाटली ३० मिलीहून मोठी नसावी.

खरी काळजी आम्हाला वाटते ती बिननावाच्या पुड्यांची. झाकणावर नुसते १, २, ३ लिहिलेल्या डब्या आणि पांढरी पूड घेऊन लोक वर्षानुवर्षे घरी जातात. औषधाचे नाव कागदावर लिहून मागा, संकोच करू नका. अशा पुडीत स्टेरॉइड मिसळले असेल तर दमा किंवा खाज एक-दोन दिवसांत जादू झाल्यासारखी थांबते, पुडी संपली की उसळते. पुढे चेहरा गोल सुजतो, वजन, साखर, रक्तदाब चढतो. शंका आली तरी एकदम बंद करू नका, कारण दीर्घकाळ बाहेरून स्टेरॉइड मिळाले की शरीर स्वतःचे बनवणे कमी करते आणि अचानक तोडल्यास माणूस कोसळू शकतो. उरलेली पुडी घेऊन फिजिशियनकडे जा. ते डोस हळूहळू उतरवतील.

प्रश्न : गावातले बीएचएमएस डॉक्टर अँटिबायोटिक लिहितात, सलाईन लावतात. चालते का? (एक वाचक, जि. बीड)

उत्तर : नुसत्या बीएचएमएसवर नाही. एका पद्धतीची पदवी घेऊन दुसऱ्या पद्धतीची औषधे देणे हा निष्काळजीपणाच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटले. तिथे होमिओपॅथने तापासाठी अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली होती आणि रुग्ण दगावला होता.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून वाट काढली : नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, केलेल्यांना मर्यादित मुभा. इंडियन मेडिकल असोसिएशनचा याला विरोध आहे, वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आहे. २०२५ मध्ये या डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत वेगळी नोंद करण्यावरूनही संघर्ष झाला. एक वर्षाने एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांची जागा भरून निघत नाही, हे आमचे मत. पण ज्या गावात दुसरा डॉक्टरच नाही, तिथे प्रमाणपत्र असलेला आणि नसलेला यांत फरक नक्की करा. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक बघा, सीसीएमपी केले आहे का ते सरळ विचारा. आणि प्रत्येक सर्दीला सलाईन लावणारा डॉक्टर कुठल्याही पदवीचा असो, तो बदला.

प्रश्न : आरोग्यविम्यात होमिओपॅथी बसते का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : भरती झालात तर बसते. विमा नियामकाने २०२४ पासून आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने धरायला सांगितले आहे. मात्र रुग्णालय आयुष रुग्णालयाच्या निकषात बसले पाहिजे, त्यात किमान पाच खाटा ही अट आहे. होमिओपॅथीत भरती क्वचितच होते. दर महिन्याची तपासणी आणि गोळ्या ओपीडी खर्चात जातात आणि तो खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत. हप्ता भरण्याआधी एजंटकडून ओपीडीचे कलम लेखी मागून घ्या.