बाबांचं हिमोग्लोबिन ८.९ का आलं ते शोध

पोरी,

रात्री तुझा मेसेज बघितला, फोनच करणार होतो पण फोनवर तू नुसतं हो सर हो सर म्हणतेस, म्हणून लिहून पाठवतोय, नीट वाच आणि बाबांनाही वाचून दाखव.

बाबांचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, आपल्या लॅबमध्ये तू स्वतः लावलास, हिमोग्लोबिन ८.९, एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार ६८, स्लाईडवर पेशी बारक्या आणि फिकट, म्हणजे लोह संपलंय हे तुला कळलंच. गोळ्या चालू झाल्यात, बाबा म्हणतात मूळव्याध जुनीच आहे, आणि तू विचारतेस महिन्याने रिपीट करू का. महिना थांबू नको. बायकांचं पाळीत जातं, पण ५४ वर्षांच्या पुरुषाचं लोह असं उगाच संपत नाही गं, कुठूनतरी रक्त जातंय. गोळ्यांनी आकडा वर येईल, घरात सगळ्यांना बरं वाटेल आणि आत जे असेल ते तसंच वाढत राहील.

माझ्या दादाचं तुला कधी सांगितलं नाही. तो अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात होता, मे महिन्यात म्हणायला लागला ऊन लय आहे बे, दम लागूलालाय. मी त्याला लॅबमध्ये बोलावलं, सॅम्पल मीच काढलं, जांभळ्या टोपणाची ट्यूब, रक्त पाण्यासारखं पातळ दिसत होतं. ८.२ आलं. रिपोर्टवर सही घेतली आणि त्याच्या हातात दिला, झालं माझं काम. डॉक्टरांनी विचारलं संडासला रक्त पडतं का, तो म्हणाला कधीमधी पडतं, मूळव्याध आहे. मलम आणि आयर्न. बोट घालून तपासणीसुद्धा झाली नाही. दोन महिन्यांनी १०.५ आलं आणि आम्ही घरी पुरणपोळी केली, खरंच केली.

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेला, गड्ड्याला, तो दरवर्षीसारखा बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर निघाला. ६८ लिंगांची प्रदक्षिणा कधी चुकवली नव्हती त्यानं. त्या वर्षी अर्ध्या वाटेत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला, पांढऱ्या बाराबंदीत त्याचे ओठसुद्धा पांढरे दिसत होते, आणि मी वीस वर्षं रक्त बघणारा माणूस, मी त्याला लिंबूपाणी आणून दिलं. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, झाली ती त्या पहिल्या रिपोर्टनंतर दीड वर्षानं. गाठ मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला, आणि तोवर लिव्हरमध्ये पसरलेली. मग सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईच्या वाऱ्या, केमो, चौदा महिने. ५६ व्या वर्षी गेला.

उजव्या बाजूची गाठ अशीच फसवते, तिथं आतडं रुंद असतं आणि मळ पातळ, त्यामुळे अडत काही नाही, रक्त थोडं थोडं मिसळून जातं, डोळ्याला दिसत नाही, नुसतं हिमोग्लोबिन उतरत जातं. डाव्या बाजूला असली तर संडासची सवय बदलते, मळ बारीक होतो, रक्त दिसतं. आणि दादाला मूळव्याध खरंच होती! तेच तर, एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, मूळव्याध सापडली की शोध थांबतो. आपल्याकडं हा कॅन्सर पाश्चात्य देशांच्या मानानं कमी, सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची होते, याची होत नाही, म्हणून पटकन कुणाच्या मनातही येत नाही.

बहुतेक वेळा आधी एक बारीक कोंब येतो, पॉलिप, त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. एवढा वेळ असतो गं हातात. कोलोनोस्कोपीत तो दिसला तर तिथल्या तिथं काढतात. आतड्यापुरतं असताना सापडलं तर अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणे शंभरातले ९० च्या आसपास लोक पाच वर्षांनंतरही असतात, लांब पसरल्यावर सापडलं तर १५ च्या आसपास. दादा गेल्यावर मी माझी करून घेतली, दोन पॉलिप निघाले, काढले, पाच वर्षांनी परत बोलावलंय.

तर बाबांना या आठवड्यात पोटविकारतज्ज्ञाकडं ने, जुने सीबीसी सापडतील तेवढे सगळे घेऊन जा, आकडा कधीपासून उतरतोय ते दिसतं. दुर्बिणीतून वरून आणि खालून दोन्ही तपासणी करायची का ते स्पष्ट विचार, कारण अल्सरमधूनही रक्त जातं आणि कदाचित तेवढंच असेल, देव करो तेवढंच निघो. मळातलं न दिसणारं रक्त शोधणारी स्टूल टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून सोडून देऊ नको, ती तक्रार नसलेल्या माणसांच्या चाचणीसाठी ठीक, इथं ॲनिमिया समोर आहे. आणि गाठ निघालीच तर तुझाही हिशोब बदलतो, आईवडील भावंडांत कुणाला असेल तर ४० व्या वर्षी, किंवा त्यांना ज्या वयात सापडलं त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची. घरात कुणी नसेल तरी अमेरिकेत आता ४५ पासून सांगतात, २०२१ मध्ये ५० वरून खाली आणलं.

लॅबमध्येही असा रिपोर्ट आला, पन्नाशीच्या पुढचा माणूस, लोह कमी, तर नुसता छापून देऊ नको. पेशंटला घाबरवायचं नाही, कॅन्सर हा शब्द काढायचा नाही, तो आपला अधिकार नाही, पण डॉक्टरांना फोन कर, रागावले तर रागावू दे.

बाबा तयार होणार नाहीत माहितीय मला, त्या तपासणीची लाज वाटते माणसाला. त्यांना सांग झोपेचं इंजेक्शन देतात, अर्ध्या तासाचं काम असतं. त्रास आदल्या दिवशीचा, पोट साफ करायच्या पावडरचं पाणी लिटरनं प्यायचं आणि संडासच्या फेऱ्या. दोनतीन दिवस आधीपासून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद, कण आतड्यात राहतात. आयर्नची गोळी किती दिवस आधी थांबवायची ते विचार, तिनं मळ काळा आणि चिकट होतो, आतडं नीट दिसत नाही.

पावडर प्यायच्या दिवशी मी येतो संध्याकाळी, त्यांच्याजवळ बसतो, नारळपाणी गाळून घेऊन येतो. तारीख मिळाली की कळव.

— सर