जड गाडी जॅकवर घेताना

जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी. खाली शिरायचं असेल तर वजन स्टँडवरच, म्हणजे गाडीखाली लावायच्या लोखंडी टेकूंवरच हवं. हायड्रॉलिक जॅकचं सील गळायला लागलं की गाडी हळूहळू खाली बसते, आणि सील फुटलं तर एका झटक्यात. स्टँडवर लिहिलेले टन बऱ्याचदा जोडीचे असतात, एकाचे नव्हे, ते नीट वाचून घ्या.

हँडब्रेकवर लोक एवढा भरवसा का ठेवतात, देव जाणे! बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना लागतो. मागची बाजू उचललीत की त्याचा उपयोग संपला. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढूनमागून ठोकळे लावा.

जागा सपाट, टणक हवी. तापलेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात, खाली जाड प्लायवूड टाका. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक अजिबात नकोत, ते न वाकता थेट फुटतात. चाक काढायचं असेल तर नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा.

ट्रॉली जॅकचा दांडा हापसताना त्याच्या चाकांकडे लक्ष ठेवा. उचलणारा हात कमानीत वर जातो, त्यामुळे जॅकला थोडं सरकावं लागतं. एखादा खडा चाकात अडकला तर जॅक सरकत नाही आणि वरची वाटी गाडीखालून निसटू लागते. खडा दिसला की गाडी खाली घ्या, जागा झाडा, मग पुन्हा सुरू करा.

जॅक कुठे टेकवायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. स्टँडवर वजन आलं की बाजूला उभं राहून गाडी जोरात ढकलून बघा. हलायचीच असेल तर तेव्हाच हलू दे.