टेबल नसलेल्या घरची मांडणी

चिरंजीव लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, तुमच्या कॅनडातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला, तू मैत्रिणीच्या घरी जेवायला गेलीस. तिच्या आईने टेबलावर अंथरलेले सुती कापड, मधोमध मांडलेले छोटे भोपळे, मेणबत्त्या आणि घडी घातलेले रुमाल तुला फार आवडले. आता त्याच मैत्रिणींना दिवाळीत तुझ्याकडे जेवायला बोलवायचे आहे, म्हणून तू विचारतेस, "आई, आपल्याकडे टेबल मांडण्याची काही पद्धत आहे का? आजीच्या घरी तर टेबलच नव्हते."

टेबल नव्हते हे खरे, पण मांडणी होती आणि ती चांगलीच काटेकोर होती. तुझ्या मैत्रिणीकडे सगळे आधी मांडून झाले आणि मग माणसे बसली. आपल्याकडे आधी मांडायची ती बसायची जागा. ताट पुरे होते ते माणूस पाटावर बसल्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत, आणि त्यासाठी कोणीतरी वाढणारे उभे असावे लागते. तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर या वाढण्यात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

विदर्भात, दारव्ह्याकडच्या आपल्या गावी सणाच्या दिवशी आजी पहाटेच माजघर शेणाने सारवून घेत असे. जमीन वाळली की भिंतीकडेने पाट मांडले जात. प्रत्येक पाटापुढे ताटाची जागा सोडून तिच्याभोवती रांगोळीची महिरप निघे. चिमटीतून पीठ सोडताना आजीचा हात जमिनीला टेकत नसे, आणि महिरपीचे टोक नेहमी जेवणाऱ्याच्या समोरच्या बाजूला येई. पाण्याचा गडवा आणि पेला डाव्या हाताला, कारण उजवा हात खरकटा असतो. समई कोपऱ्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पदर लागणार नाही अशी. उदबत्ती मात्र पाने वाढायच्या आधी विझवलेली असे. गरम वरणावर तूप पडल्यावर जो वास येतो त्यात दुसरा वास मिसळू नये, असे आजीचे मत होते आणि माझेही आहे.

आता ताट. समोर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचे, कोशिंबीर, मग भजी-पापड. उजवीकडे भाज्या आणि पातळ पदार्थांच्या वाट्या. मध्ये, आपल्या जवळच्या बाजूला, भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. डावीकडचे पदार्थ बोटाने चाखण्यापुरते, म्हणून थोडेच वाढायचे. उजवीकडचे पोळीबरोबर खायचे, पुन्हा पुन्हा मागायचे, म्हणून ते जेवणाऱ्या हाताजवळ. डावी बाजू माणसे बसण्याआधी वाढून ठेवली तरी चालते. गरम ते सगळे माणूस बसल्यावरच. हा क्रम एकदा हाताला बसला की अंधारातसुद्धा ताट वाढता येते, आणि त्या काळी वीज गेल्यावर तसे वाढलेही जात असे.

माणसे जास्त असली की ताटे पुरत नसत. मग पत्रावळी. आपल्या भागात केळीचे पान क्वचित दिसे. पळस मात्र बांधाबांधावर. त्याची तीन-तीनच्या झुबक्यातली रुंद पाने काड्यांनी टाचून पत्रावळ आणि द्रोण करतात. पत्रावळीवर पातळ वरण वाढणे ही कसबाची गोष्ट आहे. वाढणारी आधी भात वाढी, मग जेवणारा बोटांच्या पेरांनी त्यात आळे करी आणि वरण त्या आळ्यातच पडे. तरीही एखाद्या टाच्यातून ओघळ सुटेच, म्हणून जाणती माणसे पत्रावळीच्या खालच्या कडेला आधीच एक खडा सरकवून ठेवत. लहानपणी आम्हाला जेवणापेक्षा त्या खड्यांचे महत्त्व अधिक वाटे.

पंगतीचे नियम थोडे होते. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही, आणि शेवटच्या माणसाचे होईपर्यंत कोणी उठायचे नाही. म्हणून सावकाश जेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ओशाळे वाटू नये यासाठी शेजारचा उगीच आणखी एक चमचा भात घेऊन त्याला सोबत करी. पानात टाकायचे नाही, हे तर कोणी सांगावे लागत नसे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात गजानन महाराज प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचून खाताना, असे भाविक सांगतात. ती गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलांना पानावर शीत ठेवून उठण्याचा धीर होत नाही.

आमंत्रणाची तऱ्हाही तुला सांगितली पाहिजे. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. हळद आणि तूप पळसाच्या पानाने त्यांच्या खांद्यांना चोळायचे आणि म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास बैलांचा. त्यांच्यानंतर सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतात राबणाऱ्या गड्याचे, पान मांडले जाई, घरच्या माणसांच्या आधी. वर्षभर ज्यांच्या कष्टावर घर जेवले त्यांना रीतसर बोलावून, ओवाळून जेवू घालण्याचा हा दिवस मला दिवाळीपेक्षाही मोठा वाटतो.

पण सगळेच गोड होते असे मी तुला सांगणार नाही. याच गावांत कोणाची पंगत ओसरीवर आणि कोणाची अंगणाच्या पलीकडे, हे जातीवरून ठरत असे. आणि सालदाराला पोळ्याच्या दिवशी मिळणारा पाट इतर दिवशी त्याच्यासाठी नसे. घरातल्या बायका सर्वांत शेवटी, उरल्यासुरल्या अन्नाची पातेली समोर ओढून, रांगोळी पुसली गेलेल्या जागेवर जेवत. महालक्ष्म्यांच्या दिवशी सोळा भाज्यांचा स्वयंपाक करणाऱ्या आजीच्या पानाभोवती महिरप काढलेली मी कधीच पाहिली नाही. हा भाग तू उचलू नकोस. वाढण्याची पाळी लाव. तू वाढशील तेव्हा मैत्रिणी बसतील, आणि तू बसशील तेव्हा त्यांच्यातली एक वाढेल. त्यांना डावी-उजवी बाजू शिकवायला दोन मिनिटे पुरतील.

रोजच्या रात्रीच्या जेवणाला यातले काहीही नसे. चुलीसमोर बसायचे. भाकर तव्यावरून उतरे ती निखाऱ्याशी उभी राही, फुगे, आणि तिथून थेट आपल्या पितळीत. बाजूला वांग्याची भाजी किंवा पिठले, जवसाची चटणी, बुक्कीने फोडलेला कांदा. हिवाळ्यात पाठ गार आणि तोंड तापलेले, अशा अवस्थेत जेवणे चाले, आणि बोलणे फारसे होत नसे. तुझ्या मैत्रिणीकडे जी ऊब मेणबत्त्यांनी आणली होती ती आमच्याकडे चुलीची होती. म्हणून तू एकटी जेवशील त्या दिवशी फार सजावटीच्या मागे लागू नकोस, फक्त ताट घेऊन बसत जा, पातेल्यातून उभ्याने खात जाऊ नकोस.

आता तुझ्या टेबलाचे. मी सोबत आजीचे जुने सुती लुगडे पाठवत आहे. ते दुहेरी घडी करून टेबलाच्या लांबीत मधोमध अंथर. काठ दोन्ही बाजूंनी दिसू दे. टेबलावर रांगोळीचे पीठ घालू नकोस, ते अन्नात जाते. दाराशी काढ, आणि ताटांभोवती झेंडूच्या पाकळ्यांची महिरप मांड. तिथे झेंडू मिळाला नाही तर शेवंती चालेल, ती तुमच्याकडे या दिवसांत दुकानोदुकानी असते. तुमच्या इमारतीत उघड्या ज्योतीला परवानगी आहे का ते आधी विचारून घे; नसेल तर विजेच्या पणत्या लाव. स्टीलची ताटे आणि वाट्या पुरेशा आहेत. वाट्या रिकाम्याच मांड. भरलेल्या वाट्या मांडल्या की वाढणाऱ्याला काम राहत नाही आणि वरणही निवते.

पुरणपोळीचा घाट पहिल्याच खेपेला घालू नकोस. गोळाभात कर. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड पिठात तिखट, हळद, मीठ आणि तेलाचे मोहन घालून बांधलेले गोळे अर्धवट शिजलेल्या भातावर ठेवून वाफवायचे, एवढेच त्याचे तंत्र आहे. पण तो वाढायला फार देखणा असतो: पानात भात, त्यावर एक गोळा, जेवणाऱ्याने तो हाताने फोडून भातात मिसळायचा, आणि मग तू कढल्यातले मोहरी-हिंग-लाल मिरचीचे कडकडीत तेल पळीने त्यावर सोडायचे. चर्रर असा आवाज होतो. तेल वाढताना पळी ताटाच्या अगदी जवळ ने आणि पाहुण्यांना हात मागे घ्यायला सांग. सोबत कढी ठेव. तिखट न सोसणाऱ्यांसाठी लाल मिरची न घातलेले तेल वेगळ्या कढल्यात.

"आणखी घे, आणखी घे" असा आग्रह एकदाच कर. आपल्याकडे दोनदा नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा वाढायची रीत आहे, पण तुझ्या मैत्रिणी पहिल्यांदा नाही म्हणतील तेव्हा त्यांना खरोखरच नको असेल. आणि आमंत्रण देतानाच कोणाला काय चालत नाही ते विचारून ठेव. कोणाला शेंगदाणे वर्ज्य असतील तर दाण्याची चटणी करूच नकोस. जवसाची कर, लुगड्याच्या पार्सलातच तिची बरणी आहे, आणि ती बऱ्यापैकी तिखट आहे, तेव्हा डाव्या बाजूला अगदी चिमूटभरच वाढ.

तुझी,
आई